ताकदवान क्लासिक स्पोर्ट्स कार : सॉलिड इंजिन माउंट आणि चासीचा ताठपणा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठ-सत्तरच्या दशकातली अमेरिकन व्ही-८ गाडी हातात आली, की मालक आधी इंजिनाची ताकद वाढवतो. मग गाडी सुटताना बॉनेटखाली 'धाड' असा आवाज येतो, एखादं माउंट फाटतं, आणि कुणीतरी सुचवतं, "रबर काढून टाक, सॉलिड लाव, चासीपण ताठ होईल." या सल्ल्यातला पहिला भाग काही गाड्यांना लागू पडतो. दुसरा भाग बहुतेक गाड्यांना लागू पडत नाही, आणि त्यावर विसंबून लोकांनी चांगली कास्टिंग (ब्लॉक, गिअरबॉक्सचे ओतीव भाग) फोडलेली मी पाहिली आहेत. म्हणून ही प्रश्नोत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

सॉलिड माउंट म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला 'फाउंडेशन' म्हणतात, तेच. फरक इतकाच की नेहमीच्या फाउंडेशनमध्ये दोन पत्र्यांच्या मध्ये रबर चिकटवलेलं असतं आणि सॉलिड माउंटमध्ये ते नसतं. ब्लॉक आणि चासी यांच्यामध्ये फक्त स्टील किंवा अॅल्युमिनियम असतं. ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांमध्ये याच्याही पुढे जाऊन इंजिनाच्या पुढे एक आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी एक अशा आडव्या प्लेट लावतात आणि त्या थेट चासीच्या दोन्ही रेल्सना (लांबीच्या मुख्य तुळयांना) आवळतात.

इंजिन मुळात उचलतंच का?

इंजिन चाकांना फिरवतं तेव्हा तितक्याच जोराने स्वतः उलट फिरू पाहतं. पुढे इंजिन आणि मागे चाकं चालवणाऱ्या नेहमीच्या व्ही-८ गाडीत ड्रायव्हरच्या जागेवरून पाहिलं, तर ब्लॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतो. म्हणजे डावी बाजू वर उचलली जाते आणि उजवी खाली दाबली जाते. दाबलेलं रबर वर्षानुवर्षं टिकतं, ओढलेलं रबर पत्र्यापासून सुटतं. म्हणून या गाड्यांमध्ये जवळजवळ नेहमी डावं माउंट आधी जातं.

हा जोर किती, याचा अंदाज बहुतेकांना नसतो, कारण ते फक्त इंजिनाचा टॉर्क धरतात. गिअरबॉक्स इंजिनालाच बोल्ट केलेला असतो, त्यामुळे माउंटवर येतो तो गिअरने गुणलेला टॉर्क. कोब्रा ४२७ चं उदाहरण घ्या. त्या सात लिटरच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे ६५० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं प्रमाण २.३२ धरलं तर झाले १५०० च्या वर. दोन माउंटमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर धरलं, तर डावीकडे साधारण ३०० किलोचा जोर वर आणि उजवीकडे तितकाच खाली. त्या बाजूला इंजिनाचं जे वजन बसलेलं असतं ते वजा केलं तरी डावं रबर ओढलंच जातं. प्रत्यक्षात टायरची पकड आधी सुटते, त्यामुळे हा आकडा फार वेळ टिकत नाही. पण क्लच झटक्यात सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर क्षणभर त्यात भर घालतो, आणि रबर फाटतं ते त्याच क्षणी.

रबर फाटलं तर एवढं काय बिघडतं?

बरंच काही, आणि याचा अनुभव अमेरिकेने फार मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने इंजिन माउंटच्या दोषासाठी सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यात मुख्यतः १९६५ ते १९६९ या वर्षांतल्या शेव्हरोले होत्या, कमॅरोसुद्धा. रबर सुटलं की इंजिन उचललं जायचं, त्यासोबत थ्रॉटलची जोडणी ओढली जायची, म्हणजे थ्रॉटल आणखी उघडायचा, म्हणजे इंजिन आणखी उचललं जायचं. सोबत ब्रेकच्या बूस्टरची व्हॅक्यूम नळी निघण्याचीही भीती. गाडी वेग घेतेय आणि ब्रेक दगडासारखा कडक झालाय, अशी ती अवस्था.

यावरचा उपाय लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंपनीने त्या गाड्यांना सॉलिड माउंट बसवले नाहीत. इंजिन ठरावीक मर्यादेपलीकडे उचललं जाऊ नये म्हणून एक तारदोर बसवला. रबर तसंच राहिलं. रेसवाले हीच गोष्ट साखळीने करत आले आहेत: डाव्या सिलिंडर हेडपासून चासीपर्यंत एक छोटी साखळी, थोडीशी ढिली. नंतरच्या माउंटमध्ये धातूचे भाग एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणजे रबर फाटलं तरी इंजिन जागा सोडत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीला माझी पहिली शिफारस हीच.

पण सॉलिड माउंटने चासी ताठ होते ना?

इथेच खरी गल्लत आहे, म्हणून जरा थांबून बोलतो.

काडेपेटी हातात घ्या. आतला ट्रे बाहेर काढा आणि दोन टोकं धरून पिळा. सहज पिळला जातो. आता त्या ट्रेच्या मधोमध एक खडू आडवा बसवा आणि दोन्ही बाजूंना डिंकाने चिकटवा. पुन्हा पिळा. फरक जाणवणार नाही, कारण खडूने दोन बाजूंमधलं अंतर पक्कं केलं, पीळ अडवला नाही. आता ट्रे बाहेरच्या खोक्यात सरकवा आणि पिळा. तो ताठ झालेला असेल, कारण आता पेटीला वरून आवरण मिळालं.

व्ही-८ इंजिनाची दोन माउंट समोरासमोर, ब्लॉकच्या मधल्या भागात असतात. ती सॉलिड केली की इंजिन म्हणजे तो खडू: एक जाडजूड आडवा तुळईवजा भाग. त्या एका जागी दोन रेल्स एकमेकींपासून हलणार नाहीत, पुढचा भाग थोडा घट्ट वाटेल, स्टिअरिंगला एक प्रकारचा ठामपणा येईल. पण पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत गाडी जशी पिळते, तो पीळ मुख्यतः फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) मागे, दारांच्या आणि फ्लोअरच्या पट्ट्यात असतो. तिथे इंजिन पोचतच नाही.

इंजिनाने खरोखर चासीचं काम करायचं असेल, तर त्याला लांबीने दूर असलेल्या किमान चार जागी पकडावं लागतं, आणि तो भार सोसण्यासाठी ब्लॉक मुळातच तसा घडवावा लागतो. पुढे प्लेट, मागे प्लेट असलेल्या ड्रॅग कारमध्ये हे थोडंफार घडतं. दोन माउंटमधलं रबर काढून टाकल्याने घडत नाही.

मग रेसिंगमध्ये इंजिनालाच चासी कसं बनवतात?

१९६७ ची लोटस ४९ हे त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण. त्या गाडीत ड्रायव्हरच्या पाठीमागे चासी संपते. तिथे तीन लिटरचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन थेट बोल्टने लावलेलं आहे, आणि मागचं सस्पेन्शन इंजिन व गिअरबॉक्सवर टांगलेलं आहे. ४ जून १९६७ रोजी झांडव्होर्टला जिम क्लार्कने पहिल्याच शर्यतीत ही गाडी जिंकून दाखवली. पण कॉसवर्थच्या कीथ डकवर्थने ते इंजिन पहिल्या रेघेपासून या कामासाठी आखलं होतं. खालच्या बाजूला पक्के बोल्ट, आणि वर कॅम कव्हरजवळ पातळ त्रिकोणी पत्रे. ते पत्रे पातळ का? इंजिन तापून फुगतं तेव्हा ते लवावेत म्हणून. अॅल्युमिनियमचा साठ सेंटिमीटरचा ब्लॉक ८० अंशांनी तापला तर एक मिलिमीटरहून जास्त लांबतो. ओतीव लोखंडाचा त्याच्या साधारण निम्मा. तुमच्या चार सॉलिड जोडांमध्ये या एका मिलिमीटरला जागा ठेवली नसेल, तर ती तो स्वतः करून घेतो, बोल्ट वाकवून किंवा कास्टिंगला तडा देऊन.

रस्त्यावरच्या गाडीत हा प्रयोग फेरारीने १९९५ च्या एफ५० मध्ये केला. व्ही-१२ इंजिन थेट कार्बनच्या टबला (केबिनच्या सांगाड्याला) बोल्ट केलं. चालवणाऱ्याला इंजिनाचा प्रत्येक ठोका पाठीत जाणवतो. त्या गाडीसाठी ते मान्यच होतं, कारण ती तशीच हवी होती.

चासी ताठ हवी कशाला? सस्पेन्शन आहे ना हलायला?

हलण्याचं काम सस्पेन्शनचंच आहे, म्हणूनच चासीने ते करू नये. चासी पिळते तेव्हा ती स्वतःच एक स्प्रिंग बनते, तीही डॅम्पर नसलेली. तुम्ही पुढचा अँटी-रोल बार जाड केला, आणि गाडीच्या वळणात काहीच फरक पडला नाही, असं झालं असेल तर कारण बहुधा हेच: बारने दिलेला जोर मागच्या चाकांपर्यंत पोचण्याआधी चासीतच मुरला. शिवाय पीळ आला की चाकांचे कोन बदलतात, आणि ते आपण अलाइनमेंट मशीनवर उभ्या गाडीत कितीही नेमके लावले तरी उपयोग नसतो.

माझी चासी किती पिळते ते घरी कसं पाहायचं?

सपाट काँक्रीटवर गाडी उभी करा. दारं बंद. दाराच्या मागच्या कडेची वरची फट मोजा. मग एका बाजूच्या पुढच्या रेलखाली, सस्पेन्शनजवळ जॅक लावून ते चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला आणि फट पुन्हा मोजा. दार उघडून बंद करून पाहा. गाडीखाली अजिबात जायचं नाही, आणि बाकीच्या चाकांना आधी उटी (चाकाखालचा अडसर) लावायची.

मिशिगनमध्ये एका मित्राच्या १९६७ च्या उघड्या टपाच्या मस्टँगवर आम्ही हे केलं होतं. फटीत क्वार्टरची (पाव डॉलरची) तीन नाणी एकावर एक बसत होती. जॅक वर जाताना तिसरं नाणं अडकलं आणि शेवटी दार उघडायला दोघं लागलो. त्यानंतर त्याने सॉलिड माउंट लावले. पुन्हा तोच प्रयोग, पुन्हा तिसरं नाणं अडकलं. मग हिवाळ्यात सिलमधला (दाराखालच्या पोकळ पट्टीतला) गंज कापून नवा पत्रा घातला आणि पुढची-मागची सबफ्रेम जोडणाऱ्या पट्ट्या फ्लोअरला वेल्ड केल्या. वसंतात जॅक लावला तेव्हा तिन्ही नाणी फटीत होती आणि दार एका बोटाने उघडलं. त्या दिवसानंतर मी हा प्रयोग केल्याशिवाय कुणाला सल्ला देत नाही.

ताठ करायची तर सुरुवात कुठून?

गंजापासून. सिल, फ्लोअर, टॉर्क बॉक्स (सिल आणि रेल जोडणारे पेटीसारखे भाग), फायरवॉलचे जोड. कुजलेल्या पत्र्यावर ब्रेस वेल्ड करणं म्हणजे पैसे गंजावर घालणं.

त्यानंतर काय करायचं, हे त्या काळच्या लोकांनी दाखवून ठेवलंय. मस्टँगमध्ये सगळा पुढचा भार शॉक टॉवरवर (पुढच्या सस्पेन्शनचं वरचं टोक धरणाऱ्या खांबांवर) येतो आणि ते टॉवर आत झुकतात. शेल्बीच्या १९६५ च्या जीटी३५० मध्ये दोन टॉवरमध्ये 'मॉन्टे कार्लो बार' आणि टॉवर ते फायरवॉल असा एकसंध 'एक्सपोर्ट ब्रेस' होता. बोल्टने बसणारे दोन भाग, वजन थोडं, फरक मोठा. आजही मस्टँगवाल्याने पहिला खर्च इथे करावा.

कोब्राची गोष्ट आणखी बोलकी आहे. ज्या ब्रिटिश गाडीवरून ती बनली त्या 'एसी एस'ची चासी म्हणजे तीन इंच व्यासाच्या दोन नळ्यांची शिडी. त्यात १९६२ मध्ये फोर्डचा छोटा व्ही-८ बसला. पण १९६५ मध्ये सात लिटरचा ४२७ घालताना त्यांनी नळ्या चार इंची केल्या आणि सस्पेन्शनच्या आडव्या पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आणल्या. पातळ भिंतीच्या नळीचा पिळाविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे भिंतीची जाडी तीच ठेवली तरी तीनाची चार इंच केल्यावर एकेक नळी जवळजवळ २.४ पट ताठ होते. त्याआधी १९६४ च्या डेटोना कूपेमध्ये जुन्याच चासीवर जादा नळ्यांचे त्रिकोण वेल्ड केले होते, आणि त्याच गाडीने १९६५ ची जीटी अजिंक्यपद स्पर्धा जिंकून दिली. आकार आणि त्रिकोण, ताठपणा इथून येतो.

इंजिन माउंट सॉलिड केले, तर गिअरबॉक्सचंही करायचं का?

नाही. हे उत्तर मी सगळ्यात ठामपणे देतो.

तिवई कधी डुगडुगत नाही. जमीन कशीही असो, तीन पाय टेकतातच. चार पायांचं टेबल मात्र उंचसखल जागी डुगडुगतं, आणि चारही पाय जमिनीला खिळ्यांनी ठोकले तर टेबलच वाकतं. इंजिनाची दोन माउंट आणि गिअरबॉक्सचं एक, मिळून तिवई होते. शेपटाकडच्या त्या तिसऱ्या माउंटमध्ये रबर किंवा पॉलियुरेथेन असलं की चासी पिळली तरी इंजिन-गिअरबॉक्सच्या सांगाड्यावर ताण येत नाही. ते रुंद पायाचं सॉलिड माउंट केलं, की तिवईचं टेबल झालं.

उलटा प्रकार तर त्याहून वाईट: इंजिनाखाली रबर आणि गिअरबॉक्सखाली सॉलिड. एका वर्कशॉपने माझ्याच गाडीत असं बसवून दिलं होतं. इंजिन रबरावर वळत होतं आणि तो सगळा पीळ गिअरबॉक्सच्या टेल हाउसिंगमध्ये (मागच्या ओतीव खोक्यात) जात होता. काही महिन्यांनी गॅरेजच्या फरशीवर तेलाचा डाग दिसला. खाली आरसा धरून पाहिलं तर माउंटच्या कानाच्या मुळाशी केसाइतकी बारीक तड होती, तिच्यातून तेल पाझरत होतं. अॅल्युमिनियमचं जुनं हाउसिंग, सहजासहजी मिळत नाही. मला ते अजून लागून राहिलंय.

थरथर किती वाढते?

इंजिनावर अवलंबून आहे. क्रॉस-प्लेन (म्हणजे नेहमीच्या अमेरिकन घडणीचा) व्ही-८ मुळात बऱ्यापैकी संतुलित असतो. ७५० आरपीएमवर आयडलला त्याचे सेकंदाला ५० ठोके, ६००० वर ४००. हे सीटमध्ये, आरशात, दातांत जाणवतं, पण सहन होतं. सहा सिलिंडरची सरळ इंजिनंही शांत असतात. चार सिलिंडरच्या इंजिनाला मात्र सॉलिड माउंट लावून रस्त्यावर चालवू नका.

त्रास फक्त माणसाला होत नाही. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमधल्या पेट्रोलला फेस येतो आणि इंजिन वरच्या वेगात उपाशी राहतं. डॅशबोर्डचे स्क्रू, वायरिंगची सोल्डर, रेडिएटरचे जोड, सगळं हळूहळू सैल होतं. जुन्या गाडीत नवं फ्युएल इंजेक्शन बसवलं असेल, तर नॉक सेन्सर या थरथरीला नॉक (सिलिंडरमधला ज्वलनाचा चुकीचा ठोका) समजू शकतो.

सॉलिडचे फायदे काहीच नाहीत का?

आहेत. गिअर लिव्हर जागा सोडत नाही, चुकून दुसराच गिअर पडत नाही. क्लचची जोडणी ब्लॉक आणि चासी यांच्यामध्ये टेकलेल्या आडव्या शाफ्टने होत असेल, तर इंजिन उचललं की ती वाकडी होते. सॉलिडने तो प्रश्न संपतो. फॅन रेडिएटरला लागत नाही, हेडर (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या) स्टिअरिंग शाफ्टला घासत नाहीत. फक्त शर्यतीची, रोल केज घातलेली, बिनगंजी गाडी असेल तर मी स्वतः सॉलिड लावेन.

पॉलियुरेथेन हा मधला मार्ग आहे का?

बहुतेकांसाठी हो. नेहमीच्या रबरापेक्षा ते बरंच कडक असतं, तेलाने कुजत नाही, आणि धातूचे भाग एकमेकांत अडकवलेला नमुना मिळतो. तोच घ्या. हेडर माउंटला अगदी चिकटून जात असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा घाला, कारण उष्णतेने पॉलियुरेथेन मऊ पडतं.

माझी डी टोमासो पँतेरा आहे. इंजिन मध्ये आहे. हेच नियम लागू का?

अर्धे. पँतेरात फोर्डचा ३५१ क्लीव्हलँड झेडएफच्या ट्रान्सअॅक्सलला जोडलेला आहे, आणि डिफरन्शियल त्यातच आहे. टॉर्क बाहेर पडतो तो आडव्या हाफ शाफ्टमधून. त्यामुळे वेग घेताना हा गठ्ठा डावी-उजवीकडे वळण्यापेक्षा पुढून वर उचलला जाऊ पाहतो. माउंट पाहताना वरखाली नजर ठेवा, आणि मागच्या माउंटलाही तितकंच महत्त्व द्या. ताठपणासाठी मात्र मालक जो उपाय करतात तो योग्य आहे: इंजिन काढता यावं म्हणून उघड्या राहिलेल्या मागच्या खणात, दोन्ही बाजूंच्या वरच्या सस्पेन्शन जोडांमध्ये आडवा, बोल्टने निघणारा ब्रेस.

सॉलिड लावलेच, तर नंतर काय तपासायचं?

बसवतानाच पाहा: ब्लॉक हाताने जागेवर बसला पाहिजे. पहार घालून भोक जुळवावं लागत असेल, तर थांबा, माउंटला शिम (फट भरणारी पातळ पट्टी) घाला. ओढून बसवलेलं इंजिन पहिल्या दिवसापासून ताणाखाली असतं. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने पाहा. ब्लॉकचे कान, बेल हाउसिंगची कड, टेल हाउसिंग आणि चासीवरचे माउंटचे वेल्ड स्वच्छ पुसून, टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघा. तड सरळ उजेडात दिसत नाही. हेडर आणि एक्झॉस्टमध्ये लवचीक जोड असलाच पाहिजे, कारण आता थरथर तिथे संपणार.

पुणे-मुंबईच्या रस्त्यांवर अशी गाडी चालवायची असेल तर?

तिथे मी सॉलिड लावणार नाही. एक चाक खड्ड्यात आणि तीन वर, म्हणजे आपण जॅकने केला तोच प्रयोग, दिवसातून शंभर वेळा. अडकवणीचं पॉलियुरेथेन माउंट, डावीकडे साखळी, गिअरबॉक्सखाली रबर. आणि गाडी वर्षातून बारा-पंधरा वेळाच बाहेर निघत असली तरी दर पावसाळ्यानंतर सिलच्या आत बोट घालून पाहा: निचऱ्याची भोकं मातीने बुजली असतील तर तार घालून मोकळी करा.